टोकुन्बो

अजोत माझा नंबर नववा लागला.
दहा शिलाईवाल्यांची ही भिशी, वही मामा केहिंदेच्या पेटीत,
आणि नऊ महिने मी दर शनिवारी
सुईच्या नेढ्यातून कॅमेरा बघत आले.

इकेजाच्या बाजारात हार्मटनची धूळ
काचांवर बसलेली, गिरणीतल्या पिठासारखी.
फोलोरुन्शोने काउंटरवर फडकं अंथरलं,
सोनार अंथरतो तसं,
आणि वर ठेवला काळा डीएसएलआर. टोकुन्बो.

टोकुन्बो म्हणजे समुद्रापलीकडून वापरून आलेला.
फ्रीज टोकुन्बो, गाडी टोकुन्बो,
परदेशात जन्मून घरी आणलेलं पोर, तेही टोकुन्बो.
माझ्या काकाचं नावच ते आहे.
साठी उलटली, अजून विचारतात, गिअर नीट पडतात ना?

पट्ट्यावर मार्करने लिहिलेलं: आन्नेग्रेट.
कोण गं बाई तू? काय काय पाहिलंस यातून?
शटर किती वेळा उघडलंय, मी विचारलं.
नवरीचं वय आणि शटरचा आकडा विचारू नये, म्हणाला.
तरी काढायला लावला. एकेचाळीस हजार.
हात्तिच्या. एवढे टाके माझं मशीन
एका लग्नात घालतं.

मग लेन्स निघाल्या.
अठरा-पंचावन्न, बॉडीबरोबरच येणारी,
जोलोफ भातासारखी, सगळ्यांना थोडी थोडी पुरणारी.
सत्तर-तीनशे, ही लांबलचक:
"बसल्या जागेवरून नवरीच्या पापण्या मोजशील."
बसल्या जागेवरून काय दिसतं
ते मी अकरा वर्षं बघतेय, भाऊ.

आणि कोपऱ्यात पन्नासची. बुटकी. झूम नाही.
जवळचं हवं तर जवळ जा,
लांबचं हवं तर मागे सरक.
उजेडात धरली, विरलेलं कापड धरतात तशी.
बुरशी नव्हती. काठाला एक ओरखडा,
माझ्याही अंगठ्याला आहे तेवढाच.
"एक पॉइंट आठ," तो म्हणाला,
"नेपाने वीज नेली तरी हिला दिसतं."
तिथेच सौदा झाला.
चेहरा मात्र मी कोराच ठेवला, अजून वीस मिनिटं.

उरलेल्या नोटा दोनदा मोजल्या, वाढल्या नाहीत.
ट्रायपॉडला माझे गुडघे आहेत.
धुळीसाठी फिल्टर, आणि रबरी फुंकणी,
तान्ह्याचं नाक साफ करतात तसली.
कार्ड तिथेच भरून पाहिलं:
वर चौसष्ट लिहितात, आत आठ निघतात.
फ्लॅश की दुसरी बॅटरी?
बॅटरी. फ्लॅश राहिला.
अजून राहिलाच आहे.

बॅग दाखवत होता, सोळा हजारांची, चार चेनवाली.
मला हसू आलं.
घरी गाठोड्यात आठ लग्नांच्या चिंध्या:
वकिलाच्या मुलीचं केशरी, बेकरीवाल्यांचं निळं,
आणि मोडलेल्या त्या एका लग्नाचं जांभळं,
ज्याचे पैसे अजून यायचेत.
आत जुन्या गादीचा फोम.
आन्नेग्रेटचा पट्टा उसवला नाही.
तिच्या नावाखाली लाल दोऱ्याने माझं घातलं: अबोसेदे.

पहिलं काम इकोरोडूला. फुकट.
मामा केहिंदेची भाची.
चौऱ्याऐंशी माणसं एकाच कापडात, त्यातली एकतीस मी शिवलेली.
डोळा लावला, तर सगळ्यात आधी दिसली शिवण,
नवरीच्या आईच्या डाव्या खांद्यावर,
एक सूत वर गेलेली.
इतके दिवस कुणाला दिसली नव्हती. मलासुद्धा.

ढोल बोलायला लागला, नोटा कपाळांना चिकटायला लागल्या,
आणि आत्याबाई ओरडल्या:
"सगळा गोतावळा एका फोटोत!"

पन्नासमध्ये गोतावळा मावत नाही.
मागे झाले. अजून मागे.
खुर्च्या, भाताचं पातेलं,
ढोलवाल्याचा पाय ("डोळे भिशीत घातलेस काय?"),
अजून मागे, मंडपाच्या बाहेर,
पाठीला जनरेटर भाजेपर्यंत.

तिथून सगळे आले.
आत्याबाईंचं उंच डोईवस्त्र तेवढं
वरून अर्धं कापलं गेलं.
तो फोटो अजून त्यांना दाखवलेला नाही.