एकास पन्नास

कम्युनिटी कॉलेजातला पहिला गृहपाठ :
राहतं घर, एकास पन्नास.
जेवणं उरकून टेप काढली,
एक टोक मिहिकाच्या पायाखाली, एक माझ्या हातात.
हॉल तीन मीटर चाळीस.
भिंतीला खिळा मारायचा नाही, हे भाडेकरारातलं कलम
नकाशात कसं दाखवतात, माहीत नाही.

एसीचं पाणी ठिबकतं त्या डक्टला
मी नऊ वर्षं खिडकी म्हणत आले.
तीही काढली, खरी मापं लिहून.

अमल मॅडमनी कागद परत दिला,
कोपऱ्यात लाल गोल : उत्तर कुठे?

उत्तर मला कुठे ठाऊक!
रुवीत दिशा म्हणजे
सुपरमार्केटकडे, शाळेकडे, एअरपोर्टकडे.
खाली वॉचमन हमजाक्काला विचारलं.
त्यानं नमाजाची चटई दाखवली :
ही पश्चिम. आता उजवीकडे बघ.
उजवीकडे कचऱ्याचा डबा होता.

वर येऊन बाण काढला,
तेव्हा कळलं, ओट्यावरच्या कपाटातले आमचे देव
नऊ वर्षं दक्षिणेकडे तोंड करून बसलेत.
आईला फोनवर सांगायची सोय नाही,
हलवायला दुसरा कोपरा नाही.
मिहिका म्हणाली, कागद फिरव ना.
फिरवला.
बाणही फिरला त्याच्याबरोबर.

मग देव्हारा काढला मापात,
आठ मिलिमीटर रुंद,
आत समईचं एक टिंब.
प्रत्येक खुणेचा अर्थ बाजूला लिहायचा असतो.
लिहिला :
लाइट पॉइंट, दक्षिणमुखी.