ओढ

आरेकिपाहून आलेली इंजिनिअर मुलगी म्हणाली,
घराला दोर बांधू. नायलॉनचा.
गाढवावर बोजा आवळतात तसा.
मी हसले. भिंत काय पळून जाणार आहे?
"तडकेल," ती म्हणाली. "तडकू दे.
तुमच्या अंगावर यायला नको, एवढंच."

मातीच्या विटांच्या सांध्यांतून भोकं पाडली.
दोर आतून बाहेर, बाहेरून आत,
दर भोकाला दोन माणसं लागतात.
आत मी.
बाहेर कोण, ते आवाजावरून कळलं.
मेलितोन. पाटाच्या पाण्याची पाळी चुकली
त्या सालापासून आमचं बोलणं नाही.

"ओढ."
ओढलं.
"ढील दे."
दिली, थोडी.
भोकातून त्याची दोन बोटं दिसली,
नखांत माझ्याच भिंतीची माती.

बासष्ट भोकं. दिवस मावळेपर्यंत
ओढ, ढील, थांब.
शेवटची गाठ त्यानं बाहेर मारली,
मी पाहिली नाही.

आता गिलावा झालाय, दोर दिसत नाही.
रात्री कधी डोंगर घसा खाकरतो,
पत्रा वाजतो, ताटल्या किणकिणतात.
मी अंथरुणातूनच भिंतीला हात लावते
आणि ऐकत राहते,
पलीकडून कुणी "थांब" म्हणतंय का.