खड्डा

वडगावच्या त्या खोलीत बाबांचा माग होता.
माग विकला, खड्डा राहिला.
खड्डा कोण विकत घेणार?
कमरेएवढा खोल, कडा तुळतुळीत,
तळाशी दोन पावड्यांच्या खुणा.
एका रविवारी त्यात पाय सोडून बसलो
आणि कळलं,
रडर पेडल इथंच बसणार.

बावीस वर्षं उद्यमबागेत लेथवर आहे.
विमानाच्या चाकाजवळचं एक बुश काढतो आम्ही,
अंगठ्याएवढं. मायक्रॉन इकडचा तिकडं झाला की माल परत.
कुठल्या विमानात जातं विचारलं तर साहेब म्हणतात,
मुचंडीकर, ड्रॉइंग बघ.
विमानात मी अजून बसलेलो नाही.

तर सीट भंगारातल्या ओमनीची, साडेसातशेला,
आतलं उंदराचं घरटं फुकट.
योक म्हणजे पीव्हीसीचा पाइप, ड्रॉवरची दोन चॅनेल,
मागं ओढायला सायकलची ट्यूब.
थ्रॉटलचा दांडा मात्र नीट काढला,
उरलेल्या तुकड्यातून, सुट्टी झाल्यावर,
फोरमनला चहा पाजून.
नर्लिंग असं केलं
की अंधारात हाताला कळावं.

वायरिंग इराप्पाचं.
इराप्पा हुक्केरी, शेजारच्या गाळ्यातला, मोटर रिवाइंडिंगवाला.
सोल्डरचा धूर नाकात घेत तो वायरी मोजायचा
ओंदु, एरडु, मूरु,
मी पुढं न्यायचो
चार, पाच, सहा.
शेवटी एक वायर जास्त भरली.
ती अजून तशीच लोंबते, कशाचीच नाही.

पहिलं उड्डाण गुरुवारी रात्री, लाइट आल्यावर.
सांबऱ्याची धावपट्टी पडद्यावर उजळली,
वर गेलो बरे,
उतरताना बाळेकुंद्रीच्या शिवारावर नाक जड झालं.
इराप्पा ओरडला, मेले! मेले!

कानडीत मेले म्हणजे वर.
मला माहीत आहे. जन्म इथं गेला,
बाजारात, बसमध्ये, कचेरीत तीच भाषा बोलतो.
पण घाबरलं की कान आईकडं पळतो.
मी ऐकलं मेले,
आणि योक सोडून दिलं.

इराप्पा हसता हसता खड्ड्यात पडायचा राहिला.
मग आमचा करार झाला, कुठल्या कोर्टात न जाता:
वर घ्यायचं असेल तर तो म्हणेल वर,
मी म्हणेन मेले.
साक मात्र दोघांचंही साकच.

मालन महिनाभर दारातूनच बघायची.
ह्या खड्ड्यानं आधी मामंजींचे गुडघे खाल्ले,
एवढंच एकदा म्हणाली.
काल भाकऱ्या अर्ध्यावर टाकून आत आली,
ओमनीच्या पाठीला धरून उभी राहिली.
तुडयाला जातंय काय हे?

तुडये तिचं माहेर. चंदगडात,
राकसकोपच्या पाण्याच्या अंगाला.
म्हटलं, तिथं विमानतळ नाही.
उतरायला कोण सांगतंय? वरनं दाव.

बेळगाव मागं टाकलं, डोंगर आले.
घरं सगळी खोटी,
एका साच्यातली, लाल छपरांची,
देवळाच्या जागी सहा झाडं, सहाही जुळी.
हे आमचं न्हवं, ती म्हणाली.
मग पाणी आलं.
पाण्याचा वळसा तिनं ओळखला,
पडद्यावर बोट ठेवलं, पीठ लागलं तिथं.
हितं धुणं धुवायचो. थांबव.

विमान थांबवता येत नाही.
मी काही बोललो नाही.
डावी पावडी दाबली
(पेडल म्हणायला हवं, पण पाय ऐकत नाही)
आणि त्या पिठाच्या ठिपक्याभोवती
घिरट्या घालत राहिलो,
आतून भाकरी करपल्याचा वास येईपर्यंत.