तिसरं पिंप

मार्च सरत आला की धाव्यात
वारासुद्धा बोंडूंनी आंबलेला असतो.
मी मूळची काणकोणातल्या तळपणची, खाडीकाठची,
सुक्या बांगड्यांच्या पथाऱ्यांत वाढलेली.
वासाला भिणारी बाई नव्हे.

आणि तरी त्या मंगळवारी
कोळमीत सासऱ्यांचे पाय बोंडूंवर पडले, फच्च्,
आणि सगळी सकाळ माझ्या घशाशी आली.
पेज नाही, चहा नाही,
नुसतं पिवळं पाणी, काजूच्या खोडाला धरून.

जाऊ प्रेमावती हसली. बोटं मोजली.
"पाळी कधी चुकली गो?"
मला वाटलं होतं, उन्हाचं असेल.

मग भलतंच सुरू झालं.
कोणाच्या शर्टाचा घाम, कुठल्या वडीचा साबण,
दोन घरं सोडून फोडणीला पडलेली लसूण,
सगळं मला आमच्या ओट्यावरून कळे.
शाबलो रात्री दोनदा आंघोळ करून आला
तरी त्याच्या केसांत भट्टीचा धूर.
उशी घेऊन सोप्यावर गेला बिचारा,
न रागावता. म्हणजे, थोडंसं रागावून.

वाळपईच्या इस्पितळातल्या डॉक्टरीण कुलासो
केसपेपरच्या पाठीवर पेनाने आकृती काढत गेल्या:
हे मूल, मसुरीच्या दाण्याएवढं.
ही त्याची वार, अजून धड झालेलीही नाही,
आणि तिथूनच एक निरोप सुटतो रक्तात,
चढत चढत मेंदूच्या मागल्या अंगाला जातो,
जिथे ओकारीची घंटा टांगलेली आहे.
वाजव, म्हणतो. एवढाच निरोप.

"मग प्रेमावतीला कसं नाही झालं?
दोन पोरं झाली, एकदा ओकली नाही."

त्या म्हणाल्या, तो पदार्थ सगळ्यांच्याच अंगात असतो.
जिच्यात आधीपासून जास्त, तिच्या तो अंगवळणी पडलेला.
जिच्यात कमी, तिच्यावर एकदम कोसळतो.
असं आता दिसतंय, म्हणाल्या,
पुरतं अजून कोणालाच कळलेलं नाही.

मला मात्र बसल्या जागी कळलं.
सासरे चाळीस वर्षं भाणापुढे बसलेत,
लावणीत हुराक ठिबकत असतो आणि ते डुलकी काढतात.
पणजीचा पाहुणा नुसत्या वासाने भिंत धरतो.

पण कशासाठी हे? तेही विचारलं.
त्यांनी खांदे उडवले.
कोणी म्हणतं ही राखण आहे,
बाळाचं काळीज, बोटं घडायच्या दिवसांत
नासकं, कडू, विषारी आत जाऊ नये म्हणून.
कोणी म्हणतं कारणबिरण काही नाही, घंटा आहे, वाजते.
"थोडं थोडं खा. आणि पाण्याचा घोटही टिकला नाही
तर वाट बघू नको, सरळ ये."
हे शेवटचं त्यांनी हसून सांगितलं नाही.

शनिवारी मी परसात गेले,
निळी पिंपं ओळीने निरो आंबवत उभी.
पदर तोंडाला धरून म्हटलं, तिसरं बिघडलंय.

सासऱ्यांनी झाकण काढलं, नाक आत घातलं,
डोळे मिटले, देवापुढेही मिटत नाहीत इतके घट्ट.
"काही नाही. चांगला निरो आहे."
पुन्हा नाक घातलं.
मग कोणाला काही न बोलता
ते पिंप ढकलत ढकलत फणसाखाली नेलं
आणि तिथे वेगळं ठेवलं.

खरंच बिघडलं होतं का, मला माहीत नाही.
मला विचारायला वेळ नव्हता.
दिवे लागेपर्यंत आणखी चारदा वहाळाकाठी वाकले.
शेवटच्या वेळी आत काहीच उरलं नव्हतं,
ती मसूर सोडून,
आणि ती काही केल्या वर यायला तयार नव्हती.