सतराव्या दगडापाशी

व्हालब्रूसच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूची नोंद माझ्याकडे.
बावीस वर्षं झाली. मृत्यूच्या वह्या भरत गेल्या;
जन्माची एकच, तिच्या कण्याला
अजून डिंकाचा वास येतो.

मादाम सोलांज पेरिगाल महापौर होऊन गावी परतल्या
तेव्हा सोबत होते पाहुण्या राजदूतांनी दिलेले सात पेपरवेट
आणि 'मंत्रीमहोदया' हे संबोधन.
आमच्याकडे खुर्ची गेली तरी ते परत मागत नाहीत.

चौदा महिने. आरोग्य खातं.
आपण गेलो हे त्यांना रेडिओवर कळलं,
केस वाळवताना, आणि अर्धं वाक्य ड्रायरनं खाल्लं.
हे त्या स्वतः सांगतात, रंगवून सांगतात.
पहिल्यांदा मीही हसले.

त्याआधी भूगोलाच्या बाई.
मग नगरसेविका, कारण यादीत एक बाई कमी पडत होती.
मग खासदार: गुरांच्या बाजारात चिखलाचे बूट,
गाईच्या मागून कधी जायचं नाही
हे त्यांना कुणी शिकवलं नाही,
खाटकाच्याच लेक त्या.

आणि त्या चौदा महिन्यांतला एक मंगळवार.
बत्तीस प्रसूतिगृहं, दोन पानं, खाली एक सही.
'वर्षाला तीनशेहून कमी बाळंतपणं,
सबब असुरक्षित.'
अकराव्या ओळीत आम्ही.
आकडे खोटे नव्हते. मी जुन्या वह्या काढून मोजले.
खोटे असते तर बरं झालं असतं.

या फेब्रुवारीत, धुक्यात, पहाटे चारला
लाकडाच्या गिरणीतला यासिन बुशार्ब
बायकोला घेऊन निघाला. इस्पितळ बासष्ट किलोमीटर.
आमची हद्द संपायला दोनशे पावलं असताना
सतरा लिहिलेल्या दगडापाशी
त्यानं गाडी थांबवली.
मुलगी. नाळ बुटाच्या नाडीनं बांधली.
दोघी सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते.

तिसऱ्या दिवशी तो काउंटरशी आला,
एका बुटाला नवी नाडी, पांढरी.
मादाम आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, मी लिहिते.
तो ताठ उभा राहिला.
सातवीत त्यांच्याच वर्गात होता,
गारोन नदी उलटी वाहवली म्हणून
अंगठे धरून नव्हे, नकाशासमोर उभा राहिलेला.

नाव? तसादित. आजीचं.
त्यांनी एकेक अक्षर विचारून लिहिलं.
मग पुढचा रकाना: जन्मस्थान.
इतकी वर्षं मी तिथे डोळे मिटून
'प्रसूतिगृह, चर्चमागचा रस्ता' लिहीत आले होते.
पेन थांबलं.
बाहेर कुणीतरी पावाच्या गाडीचा हॉर्न दिला.

'दगड कुठल्या बाजूला होता?' त्यांनी विचारलं.
'उजव्या, मादाम,' तो म्हणाला, आणि मग,
चुकून तक्रार वाटू नये म्हणून, 'गवत होतं तिथे.'

लिहिलं त्यांनी. सगळं. रस्त्याचा क्रमांक, किलोमीटर.
सही मात्र नेहमीची नव्हती,
ती लांब शेपटी नव्हती पे-ला.

तो गेल्यावर म्हणाल्या,
शाई वाळेपर्यंत वही उघडीच राहू दे.
मी राहू दिली.
पेन साधं बॉलपेन होतं.