सातवी पायरी

दोन मिनिटं चौदा सेकंद.
ओउलूच्या डेपोत, पहाटे पाच वाजता,
बर्फ लोटायच्या गाडीचं इंजिन तापत असताना
मी ते हातमोजा दातांत धरून पाहिलं.
बाहेर उणे एकोणीस. फोनची बॅटरी अकरा टक्के.
वाट पाहण्याची वर्षंही अकराच,
पण हे मला नंतर सुचलं.

आधी काळोख. मग वल्ह्याचा आवाज.
मग कंपनीचं नाव, मग दुसऱ्याच कंपनीचं नाव
(पहिली विकली गेली, हे ऐकून होते),
मग पाणी.

पाण्याबद्दल सांगायलाच हवं.
पहिल्या भागात समुद्र म्हणजे ताणून बसवलेली निळी ताडपत्री.
दर चार सेकंदांनी लाट यायची, तीच, तशीच,
आणि तरी मी त्यात बुडायला घाबरायचे.
आता थेंब न् थेंब वेगळा.
वल्ह्यावरून ओघळतो, कडेला थांबतो,
त्यात उलटा चंद्र.
सुंदर आहे, नाही कसं म्हणू?
फक्त एवढंच, की त्यांनी सगळंच दाखवलं,
माझ्या डोळ्यांना काही काम उरलं नाही.

आणि तारू. आमची नावाडीण.
तिचं वय वाढलंय!
खेळातली माणसं म्हातारी होत नाहीत
हीच तर त्यांची सोय होती.
कानशिलाजवळ पांढरी बट,
होडीतून उतरताना डावा हात गुडघ्यावर.
या गाडीतून उतरताना मीही तसाच ठेवते.
मागे कुणी मुलगी बसलीय, चेहरा दाखवला नाही.
कुत्रं नाही.
मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं.
कुत्रं नाही.

इल्क्काने काच ठोकली. "रडतेयस की काय?"
"थंडीने."
"छत्तीस वर्षांची बाई, आणि जाहिरात बघून..."
आणखी बोलला असता, पण त्याला
विमानतळाचा रस्ता सहाच्या आत मोकळा करायचा होता.

एक मिनिट एक्कावन्न.
दीपस्तंभाचा जिना.
पहिल्या भागात सातव्या पायरीत पाय रुतायचा.
चूक होती ती, कुणाच्या तरी घाईची.
तारू कमरेपर्यंत दगडात, आणि सगळं पहिल्यापासून.
त्या पायरीला आम्ही किती शिव्या घातल्या!
आम्ही म्हणजे नोकरी गेली म्हणून पंचविशीत
माहेरी परतलेली मी, आणि आई.
आईने कंट्रोलर कधी हातात धरला नाही.
रात्रपाळीहून आली की गणवेश न बदलता
सोफ्याच्या कडेला टेकायची,
आणि तापाच्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर
माझ्यासाठी बेटांचे नकाशे काढायची.
सातव्या पायरीवर लाल फुली:
"इथं उडी मार, बाई."

आणि आता
सातवी पायरी मधोमध झिजलेली, वाटीसारखी.
वाटीत विझलेली मेणबत्ती, सुकलेली फुलं,
कुणाचा तरी एक बूट.
बेटावरचे लोक तिला हात लावून, तो कपाळाला लावून
वर चढतात.
कॅमेरा थांबत नाही. अर्धा सेकंद, बस्स.
ज्याला ठाऊक, त्याच्यासाठी.
त्या विकल्या गेलेल्या कंपनीत
जुनं कुणीतरी अजून तग धरून आहे.

शेवटी काळ्या पडद्यावर एकच शब्द: लवकरच.
या शब्दाशी माझा अकरा वर्षांचा संसार झालाय,
त्याच्या थापा मला पाठ आहेत.

केमीला फोन लावला. आई जागीच होती.
रात्रपाळी सुटून सहा वर्षं झाली,
तिच्या झोपेला कुणी कळवलेलं नाही.
सगळं सांगितलं: पाणी, गुडघा, नसलेलं कुत्रं.
ती हं हं करत राहिली.
मग म्हणाली, "ती पायरी दुरुस्त केली का त्यांनी?"
"नाही."
"बरं झालं."
मागे ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला,
काहीतरी शोधल्यासारखी खुडबुड,
आणि बॅटरी संपली.

मी फाळ खाली केला.
समोर सगळं सारखंच पांढरं.
याच्याखाली रस्ता आहे असं धरून
निघाले.