येणे बाकी

छप्पर उतरवलं त्या आठवड्यात
चर्चमधले संत घरोघर वाटले गेले.
सायबीण फुर्तादांच्या माडीवर,
सांत आंतोन शाळेच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी,
आणि सेबास्त्यांव आमच्याकडे,
कारण खजिनदाराच्या घरात जागा असते
असा गावाचा समज आहे.

भरती धरून होडीतून आणला त्याला,
कांबळ्यात गुंडाळलेला, पावलं तेवढी बाहेर.
तांदळाच्या पिंपाशी उभा केला.
वाटेत मोडू नयेत म्हणून बाण आधीच उपसले होते,
जुन्या वर्तमानपत्रात, सुतळीने बांधून.
मी वहीत लिहिलं : बाण, नग सात.
पहिल्या रात्री रोझालिन बॅटरी घेऊन उठली,
त्याच्या अंगावरच्या भोकांवरून बोट फिरवून आली
आणि अंथरुणात पडता पडता म्हणाली,
"थोडे दिस तरी तेका आराम."

मिस्सा आता जाळ्यांच्या शेडमध्ये.
फादर एलियास भाकर उंच धरतात
नेमकी तेव्हाच बर्फाची गाडी हॉर्न देते.
कुडाळचा कंत्राटदार सिमेंट म्हणाला होता, स्वस्तात.
गुंडू मेस्त्रीने चिऱ्यावर तळवा ठेवला,
"ह्याका घाम येता. कोंडलास तर मरतलो."
तेव्हापासून हौदात शिंपल्यांचा चुना,
गुळाचं पाणी, हिरडा,
आणि माझ्या वहीत मुंग्या.

वेदीमागचा गिलावा खरवडताना
काजळीची अक्षरं निघाली. मोडी.
तहसीलमधून निवृत्त झालेले आजगावकर
चष्मा कपाळावर चढवून भिंतीला नाक लावून वाचू लागले :
गूळ सव्वा मण. चुना चौदा खंडी.
मजुरी येणे बाकी, रुपये साडेतीन.
खाली नाव असावं,
पण तेवढाच पोपडा गुंडूच्या थापीखाली आला होता.

तो परातीवर बसून राहिला.
जेवणाची सुट्टी संपली, तरी बसून.
मग म्हणाला, "ह्येच्यावर मी चुनो मारूचंय नाय."
आम्ही कमिटीचे पाच जण. एकमेकांकडे बघितलं.
दीडशे वर्षं, की त्याहून जास्त,
आम्ही त्या भिंतीसमोर गुडघे टेकून
आमची ऋणं माफ कर म्हणत आलो,
आणि भिंत आपली हिशेब धरून होती.

रविवारच्या प्रवचनात फादर
मासेमारीच्या बंदीवर बोलले.
सोमवारी माझ्या हातात तीन नाणी ठेवली,
वर एक जुनी आठ आण्यांची, कुठून काढली देव जाणे.
"जमा करा."
"कुणाच्या नावे?"
ते खाडीकडे बघत राहिले.
मी लिहिलं : मेस्त्री, नाव पोपड्यात गेलं.
भिंतीवर दीड हात जागा तशीच उघडी ठेवली आहे.
बाहेरगावचे लोक विचारतात, काम अर्धं का राहिलं.

फेस्ताच्या आदल्या दिवशी सेबास्त्यांव परत गेला.
तांदळाचे दोन दाणे पायाच्या बोटांत अडकलेले.
पुडकं सोडलं तर बाण सहाच.
रोझालिन घरून आली होती फुलं घेऊन,
देठ खुडत होती, मान खाली.
मी वही उघडली. सात लिहिलं होतं.
ते मी सातच राहू दिलं.
गुंडूने अंगठ्यावर चिमूटभर ओला चुना घेतला
आणि डाव्या बरगडीतलं रिकामं भोक
कुणाला न विचारता बुजवून टाकलं.